जुने लेगो घेताना: आधी ओळख, मग वजन, भाव सगळ्यात शेवटी

जुन्या लेगोची जाहिरात दिसली की बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कितीला देणार?’ विकणारा आकडा सांगतो, घासाघीस होते, पाचशे रुपये कमी होतात आणि पिशवी घरी येते. घरी चादरीवर ओतल्यावर कळतं की निम्मे ठोकळे दुसऱ्याच कंपन्यांचे आहेत, सेटमधली छोटी प्लास्टिकची माणसं गायब आहेत आणि तळाशी फुटक्या गाड्यांची चाकं आहेत. भाव कमी झाला खरा, पण कशाचा भाव केला हे घेणाऱ्याला माहीतच नव्हतं.

ही चूक इतक्या घरांत होते की संपूर्ण क्रम एकदा नीट मांडून ठेवणं गरजेचं वाटलं. खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले तीन टप्पे घरबसल्या होतात आणि नेमके तेच वगळले जातात.

टप्पा १: काय हवंय ते लिहून काढा

‘लेगो हवंय’ एवढं पुरेसं नाही. तीन वेगळ्या गरजा असतात आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा.

मुलाला मनाप्रमाणे घरं, गाड्या, पूल करायचे असतील तर सुटे ठोकळे घ्या. इथे हिशेब किलोवर होतो. सेट पुरा आहे का, खोका आहे का, याला किंमत नाही.

मुलाने एखादं ठरावीक जहाज किंवा किल्ला मागितला असेल तर तो सेट घ्या. इथे हिशेब सेटच्या क्रमांकावर होतो. हा चार-पाच आकडी क्रमांक खोक्यावर आणि सूचना पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर असतो. तो कळल्याशिवाय भावाची गोष्ट काढूच नका.

तिसरी गरज रोबोटिक्सच्या किटची. तिथे प्लास्टिकपेक्षा मोटर आणि सेन्सर चालतात की नाही, यावरच सगळं ठरतं.

सावधान: मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर नेहमीचं लेगो घेऊ नका. बारीक तुकडे घशात अडकतात. त्या वयासाठी डुप्लो असतो. डुप्लोचा ठोकळा लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बाजूंनी दुप्पट असतो आणि नेहमीच्या लेगोवर बसतो, त्यामुळे जुन्या पिशव्यांत दोन्ही एकत्र आलेले असतात. अशी पिशवी लहान बाळासाठी आणली तर बारीक तुकडे दोनदा वेचून काढल्याशिवाय बाळासमोर ठेवू नका.

टप्पा २: ओळखायला शिका

एवढा एक टप्पा मन लावून केलात तर पुढचं निम्मं काम झालंच म्हणून समजा. घरात किंवा शेजारी खात्रीचा एखादा लेगो सेट असेल तर तो समोर घेऊन बसा.

नाव पाहा. लेगोच्या ठोकळ्यावर वर जे गोल उंचवटे असतात, म्हणजे स्टड, त्या प्रत्येकावर कंपनीचं नाव उठावदार अक्षरांत असतं. दोन-चार स्टडवर नाही, प्रत्येकावर. ज्या तुकड्यांना स्टडच नाहीत, उदाहरणार्थ गुळगुळीत फरशीसारखे किंवा छपरासारखे उतरते तुकडे, त्यांच्या आतल्या किंवा खालच्या बाजूला नाव शोधा. अगदी बारीक तुकड्यांवर ते सापडेलच असं नाही. तिथे शेजारचा माल पाहून अंदाज करावा लागतो.

आतला आकडा पाहा. बहुतेक ठोकळ्यांच्या पोटात साच्याचा क्रमांक असतो. दोन बाय चारचा ओळखीचा ठोकळा ३००१, दोन बाय दोनचा ३००३. हा आकडा एकटा पुरावा नाही, कारण नक्कल करणारे तोही उतरवतात. पण पुढे हरवलेला तुकडा शोधायचा झाला तर तोच कामी येतो.

माप पाहा. दोन शेजारच्या स्टडच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या प्लेटची ३.२ मिलिमीटर. म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. आणखी एक सोपी चाचणी अशी: पाच ठोकळे एकावर एक लावा आणि हा खांब आडवा करून सहा स्टड लांबीच्या ठोकळ्याशेजारी धरा. दोन्ही जवळपास तंतोतंत सारखे भरतात, कारण पाच वेळा ९.६ आणि सहा वेळा ८, दोन्ही ४८ होतात. लोकल, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या, मालात इथे फरक पडतो.

पकड पाहा. आठ-दहा ठोकळ्यांचा खांब सरळ उभा राहायला हवा, मधे फट दिसता कामा नये, आणि सुटताना हाताला एकसारखा जोर लागायला हवा. काही सहज निसटतात आणि काही दातांनी काढावे लागतात, अशी स्थिती असेल तर माल मिश्र आहे.

१९५८ साली पेटंट घेतलेल्या रचनेचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांवर बसतात, त्यामुळे ‘जुनं मॉडेल आहे, नव्याला लागत नाही’ या सबबीवर कुणी महागाचा नवा सेट गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. नेमकं याच कारणाने वीस वर्षं जुना लेगोही घेण्यासारखा असतो.

दुसऱ्या कंपन्यांचे जुळणारे ठोकळे वाईटच असतात, असं मी म्हणणार नाही. काहींची पकड चांगली असते आणि लहान मुलाला त्यावरचं नाव वाचायचं नसतं. फक्त त्यांना लेगोचा भाव देऊ नका.

तपासणी: खात्रीचे दहा आणि लोकल दहा ठोकळे मिसळा, डोळे मिटून बोटांनी वेगळे करा. जमायला लागलं की पुढच्या टप्प्यावर जा.

टप्पा ३: कमाल भाव घरीच ठरवा

विकणारा हमखास सांगतो, ‘अमेरिकेत हा सेट एवढ्या डॉलरचा आहे.’ किंवा उलट, ‘इथे नवा घ्यायला जाल तर एवढे पडतील.’ दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि तरीही जुन्या मालाचा भाव त्यांच्यावरून ठरत नाही. भारतात आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेलं. त्यामुळे इथल्या नव्या सेटची छापील किंमत परदेशापेक्षा बरीच जास्त असते. ती किंमत ही तुमची वरची मर्यादा. जुना सेट तिच्यापेक्षा ठळकपणे स्वस्त नसेल तर सीलबंद नवाच घ्या. दुकानात मिळेनासा झालेला सेट याला अपवाद.

ठरावीक सेटसाठी ब्रिकलिंक या संकेतस्थळावर क्रमांक टाका. ते २०१९ पासून लेगो कंपनीच्याच मालकीचं आहे. तिथे गेल्या सहा महिन्यांत तो सेट प्रत्यक्ष कितीला विकला गेला ते दिसतं, नवा आणि वापरलेला वेगवेगळा. सरासरीही कळते. बघायचा आकडा तो. जाहिरातींत मागितलेले भाव पाहून काही ठरवू नका. वर्षभर पडून राहिलेल्या जाहिरातीतही एक भाव लिहिलेला असतोच.

सुट्या ठोकळ्यांना किलोचा हिशेब लावा, पण खऱ्या किलोचा. समजा चार किलोची पिशवी सहा हजारांना आहे. वरवर पाहता पंधराशे रुपये किलो. आता त्यातून एक किलो लोकल ठोकळे, अर्धा किलो मोडक्या गाड्या आणि बाहुल्या, अर्धा किलो चावलेले, तडकलेले तुकडे वजा करा. उरले दोन किलो, म्हणजे तुम्ही तीन हजार रुपये किलोने घेताय. मनातला कमाल भाव नेहमी या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहा.

किलोत किती तुकडे येतात, हे मालावर अवलंबून. दोन बाय चारचा ठोकळा साधारण २.३ ग्रॅमचा, म्हणजे नुसते तेच असतील तर किलोत सव्वाचारशेच्या आसपास. बारीक तुकडे जास्त असतील तर संख्या बरीच वाढते. मोठ्या पायाच्या प्लेटा, म्हणजे बेसप्लेट, किलोत धरू नका. त्यांचा भाव नगावर करा.

आकडा कागदावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा. समोर रंगीत ढीग आणि शेजारी उतावीळ मूल असताना मनातला आकडा टिकत नाही.

टप्पा ४: कुठे आणि केव्हा शोधायचं

सगळ्यात चांगला माल सोसायटीच्या आणि शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत निघतो. कारण साधं: तिथे विकणाऱ्याला जागा मोकळी करायची असते, कमाई करायची नसते. जाहिरातीची वाट पाहू नका, स्वतःच विचारा: ‘नमस्कार, कुणाकडे मुलांनी वापरणं बंद केलेलं लेगो आहे का? मिसळलेलं, खोका नसलेलं चालेल. घरी येऊन घेऊन जाईन.’ ‘खोका नसलेलं चालेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुष्कळ घरांत पोटमाळ्यावर लेगो पडलेलं असतं, पण सगळं एकत्र झालंय म्हणजे कुणी घेणार नाही, असं त्यांना वाटत असतं.

वेळही साधा. दहावीची परीक्षा संपली की, मे महिन्यात बदल्या आणि घरं हलवण्याच्या काळात, आणि दिवाळीच्या साफसफाईच्या आधीचे दोन-तीन आठवडे. परदेशातून कायमची परतलेली कुटुंबं सहा-आठ महिन्यांनी सामान कमी करायला लागतात, तेव्हाही विचारा.

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर नुसतं ‘लेगो’ शोधू नका. ‘ब्लॉक्स’, ‘बिल्डिंग ब्लॉक्स’, ‘किड्स टॉइज’ असेही शब्द टाका आणि इंग्रजी स्पेलिंग चुकवूनही पाहा. नाव नीट लिहिलेल्या जाहिराती सगळ्यांना सापडतात.

पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथे कधीतरी पिशवी हाती लागते, पण तिथे ओतून बघायला वेळ आणि जागा मिळत नाही. टप्पा २ पक्का झाल्याशिवाय तिथे पैसे घालवू नका.

नातेवाईक अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असतील तर त्यांना तिथल्या गराज सेलमध्ये, धर्मादाय संस्थांच्या दुकानांत लक्ष ठेवायला सांगा. तिथेही मिसळलेल्या पिशव्या विकल्या जातात आणि त्यांनाही वरच्याच चाचण्या लागू पडतात. भारतात येताना खोके तिथेच सोडून तुकडे झिपच्या पिशव्यांत आणि पुस्तिका सपाट, असं आणलं की बॅगेत फारशी जागा जात नाही.

टप्पा ५: घराबाहेर पडण्याआधी फोटो मागवा

चार गोष्टी मागा: सगळा माल चादरीवर पसरून वरून घेतलेला फोटो, मूठभर ठोकळ्यांचा इतक्या जवळून फोटो की स्टडवरचं नाव वाचता येईल, सगळी माणसं एका रांगेत, आणि पुस्तिकांची मुखपृष्ठं. सोबत दोन प्रश्न: ‘ताई, वजन साधारण किती असेल?’ आणि ‘यात दुसऱ्या कंपनीचे मिसळले आहेत का?’ प्रामाणिक विकणारा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘असतील थोडे’ असंच देतो. ‘शंभर टक्के ओरिजिनल’ हे उत्तर आलं आणि जवळचा फोटो मात्र आला नाही, तर सोडून द्या.

सावधान: फोटो पाहण्याआधीच टोकन मागणारा, ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, सामान ट्रकने पाठवतो’ असं सांगणारा किंवा क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, बुकिंग होईल’ म्हणणारा विक्रेता टाळा. ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. पैसे माल हातात आल्यावरच द्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

टप्पा ६: समोर बसून तपासा

सोबत न्यायचं सामान: एक जुनी चादर, बॅगांचं वजन करायचा हुकाचा डिजिटल काटा, खात्रीचे चार-पाच ठोकळे, मोबाइलचा टॉर्च आणि रोबोटिक्स किट असेल तर सहा नवे पेन्सिल सेल. दिवसाउजेडी जा. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा दिसत नाही.

सुटे ठोकळे असतील तर आधी पिशवीचं वजन करा, मग ओता. वरचा थर पाहून मत बनवू नका, तळातून तीन वेगवेगळ्या जागच्या मुठी उचला. प्रत्येक मुठीतले लेगोचे, लोकल आणि टाकाऊ असे तीन ढीग करा. तीन मुठींत जे प्रमाण दिसेल तेच साधारण सगळ्या पिशवीचं धरा. नंतर नुकसान पाहा. पांढरे आणि करडे तुकडे उन्हाने पिवळे पडतात. ते दिसायला वाईट, पण खेळायला ठीक. दातांच्या खुणा जात नाहीत. २००७ नंतरच्या काही वर्षांत बनलेले तांबूस तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघतात, एक-दोन लावून काढून पाहा. बेसप्लेट सपाट फरशीवर ठेवा. कोपरे वर उचलले असतील तर ती वाकलेली आहे, किमतीत धरू नका. आणि वास घ्या. सिगारेटचा धूर किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास धुतल्यावरही बरेच दिवस राहतो.

ठरावीक सेट असेल तर सगळे तुकडे मोजत बसू नका, ते तिथे शक्यच नसतं. घरून निघताना रिब्रिकेबल या संकेतस्थळावरून किंवा ब्रिकलिंकवरून त्या सेटच्या तुकड्यांची यादी मोबाइलवर घ्या आणि फक्त महाग तुकडे तपासा: माणसं, त्यांचे केस, टोप्या आणि हत्यारं, चित्र छापलेले तुकडे, मोठे एकसंध भाग म्हणजे जहाजाचं बूड किंवा विमानाची काच, टायर, आणि त्या सेटचा जो वेगळा रंग असेल तो. साधे लाल-निळे ठोकळे कमी असले तर ते पुढे कुठेही मिळतात. हे महाग तुकडे नसतील तर सेट अपुरा धरा, मग विकणारा काहीही म्हणो. माणसाचं डोकं काढून मानेवरचं नाव पाहा. नकली माणसं खऱ्या सेटमध्ये घालून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो, कारण पुष्कळदा सेटची निम्मी किंमत माणसांचीच असते.

पुस्तिका नसेल तर त्यासाठी भाव पाडायला फारसं कारण नाही. १९९६ नंतरच्या बहुतेक सेटच्या सूचना लेगोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. स्टिकर मात्र पाहा, अर्धवट सोललेले स्टिकर सुधारत नाहीत.

रोबोटिक्सचं किट, बहुधा माइंडस्टॉर्म्स ईव्ही३, क्लास सोडलेल्या मुलांकडून भरपूर विक्रीला येतं. त्यात दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. घरगुती ३१३१३ मध्ये इन्फ्रारेड सेन्सर आणि रिमोट असतो. शाळांसाठीच्या ४५५४४ मध्ये जायरो (वळण मोजणारा) आणि अल्ट्रासॉनिक (अंतर मोजणारा) हे सेन्सर आणि चार्ज होणारी बॅटरी असते. मुलाच्या शाळेत किंवा स्पर्धेसाठी कोणतं लागतं ते आधी सरांना विचारा. माइंडस्टॉर्म्सची विक्री कंपनीने २०२२ च्या अखेरीस थांबवली, तेव्हा पुढे नवे भाग मिळणं अवघड, हेही भावात धरा. तपासताना सेलचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरी पूड किंवा गंज दिसला तर घेऊ नका. सहा सेल घाला, किटचा मेंदू, म्हणजे मोटर आणि सेन्सर ज्याला जोडतात तो मुख्य डबा, सुरू करा, एक मोटर ए, बी, सी, डी या चारही जागी आणि एक सेन्सर १ ते ४ या चारही जागी लावून पाहा. प्रत्येक वायर हलवून बघा. ‘मागच्या महिन्यात चालत होतं’ या वाक्यावर पैसे देऊ नका.

टप्पा ७: आता भाव

आता तुमच्या हातात कारणं आहेत. ‘जास्त सांगताय’ म्हणण्याऐवजी ढीग दाखवा: ‘दादा, एवढे लोकल आहेत, हे टाकून द्यावे लागतील, राहिलेल्याचे मी एवढे देतो.’ घासाघीस एकदाच करा आणि आकडा सरळ सांगा. लोकल माल परत ठेवून फक्त लेगो घेण्याचा प्रस्ताव क्वचितच मान्य होतो, कारण विकणाऱ्याला सगळं एकदम घालवायचं असतं. त्यापेक्षा सगळं उचलायची तयारी दाखवा आणि त्याबदल्यात भाव कमी मागा.

विकणाऱ्याचं मूल समोर असेल तर त्याच्यासमोर त्याच्या खेळण्यांना नावं ठेवू नका. बोलणी बाजूला जाऊन करा. एखादं आवडतं माणूस त्याला ठेवून घ्यायचं असेल तर देऊन टाका.

टप्पा ८: घरी आणल्यावर लगेच धुवा

आधी वेचणी, मग पाणी. मोटर, दिवे, सेलचे डबे, स्टिकर लावलेले तुकडे, जहाजांची कापडी शिडं आणि धातूच्या दांड्यांची चाकं बाजूला काढा. हे ओल्या फडक्याने पुसायचे. जोडलेले ठोकळे सुटे करा, नाहीतर आत पाणी अडकून वास येतो.

बादलीत कोमट पाणी, ४० अंशांच्या आत, त्यात थोडं भांड्यांचं लिक्विड. अर्धा तास भिजवा, हाताने ढवळा, मळलेल्या तुकड्यांना जुना टूथब्रश. वॉशिंग मशीन, उकळतं पाणी आणि मायक्रोवेव्ह पूर्ण वर्ज्य. दोन पाण्यांतून काढून जाळीच्या पिशवीत निथळवा आणि सावलीत चादरीवर पसरा. स्टडची बाजू वर ठेवा, म्हणजे पोकळ बाजूचं पाणी खाली उतरतं. गच्चीवरच्या कडक उन्हात वाळवू नका. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागतात, तोवर डबाबंद करू नका.

पिवळे तुकडे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवले की उजळतात, पण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो आणि घरात लहान मुलं असताना हे रसायन उघडं ठेवणं धोक्याचं. शोभेच्या सेटसाठी ठीक, खेळायच्या ठोकळ्यांसाठी नको.

टप्पा ९: लावा आणि उणीव भरा

बहुतेक जण रंगाप्रमाणे डबे भरतात. दिसायला छान, वापरायला त्रासदायक. लाल ढिगातला लाल बारीक तुकडा डोळ्यांना सापडत नाही, पण चपट्या प्लेटांच्या डब्यातली लाल प्लेट लगेच दिसते. म्हणून आकाराप्रमाणे लावा: ठोकळे, प्लेट, उतरते, चाकं, माणसं, बाकी बारीकसारीक. घरात जागा कमी असेल तर सहा डबे पुरेत.

ढिगात कोणते सेट आहेत हे माहीत नसेल तर छापील तुकड्यांपासून आणि माणसांच्या छातीवरच्या चित्रांपासून शोध सुरू करा. एका सेटचा क्रमांक लागला की त्याच्या यादीतले तुकडे वेगळे करत जा. मग ढीग लहान होतो आणि पुढचा सेट ओळखणं सोपं जातं.

हरवलेले तुकडे लक्षात येतील तसे एकेक मागवू नका. परदेशातून मागवलेल्या चार तुकड्यांवर टपालखर्च आणि शुल्क तुकड्यांच्या किमतीपेक्षा जास्त पडतं. सगळ्या सेटची एकत्र यादी करा. आत झाकले जाणारे तुकडे दुसऱ्या रंगात घरचेच वापरा आणि यादीतून खोडा. आधी भारतातले विक्रेते पाहा, आणि उरलेली यादी ज्या एका विक्रेत्याकडे जास्तीत जास्त मिळते त्याच्याकडून एकदाच मागवा. मागवताना साच्याच्या क्रमांकासोबत रंगाचं नावही तपासा. करड्याच्या जुन्या आणि नव्या छटा वेगळ्या आहेत आणि शेजारी लावल्यावर फरक दिसतो.